एक किलो मीठ

निघण्याआधी रोज मी काट्याला मीठ टांगते.
सरकारी काटा, स्प्रिंगचा;
त्याच्या शब्दावर किती विसंबायचं
ते ठरवायला एक किलोची सीलबंद पुडी.
हजारावर थांबला, तर आम्ही दोघं कामाला निघतो.
नऊशे ऐंशी दाखवले, तर वीस मनात धरते
आणि दिवसभर एकेका बाळाला परत देते.

सत्यनारायणाची टेकरी. जानेवारी.
धुकं असं, की समोर किल्ला आहे
हे आठवणीवर मान्य करायचं.
पायऱ्या मी मोजत नाही, गुडघे मोजतात.
आईनं ठेवलेलं नाव वत्सला;
ते इथं कुणाला ठाऊक नाही.
‘आशा दीदी आ गईं’ – आणि एखाद्या दारामागं
घुट्टीची वाटी पदराखाली जाते.

रामसखीचं पोर आठव्या महिन्यातलं.
जन्मलं तेव्हा एक किलो सातशे.
बाप गजकच्या कारखान्यात रात्रभर गूळ-तीळ कुटतो,
पहाटे येतो तेव्हा बोटं गोड असतात.
म्हटलं, ते बोट बाळाच्या तोंडात नको.
ओशाळून त्यानं हात पाठीमागं नेला.

बैकुंठी अम्मा उंबऱ्यात आडवी.
‘लल्लाला तोलायचं नाही.
तोलतात ते विकायला.’

माझ्याकडे चित्राचं पत्रक होतं
आणि प्रशिक्षणातली चार वाक्यं.
ती म्हणून झाली.
भाव न पटलेल्या भाजीवाल्याचं ऐकावं
तशी अम्मा ऐकत राहिली.

मग पिशवीत गेलेला हात
मीठ घेऊन वर आला.
काट्याला लावलं. हजार.
‘नोन?’ अम्मा जरा सरकली.
‘आधी हे तोलायचं. असेल नसेल ती नजर
याला लागते. बाळ मागून.’

आमच्यात मीठ-मोहरी, इथं राई-नोन;
खोटं बोलायला भाषांतर फारसं लागलं नाही.

झोळीत बाळ. काटा थरथरला, थांबला.
एक किलो सहाशे चाळीस.
‘घटलं?’ रामसखीनं विचारलं.
आधी घटतं, मग चढतं, म्हटलं.
हे खरं होतं,
पण त्या घटकेला मला पुस्तकातल्याइतकंच खरं वाटत होतं.
कातडीला कातडी, मी दाखवलं,
ब्लाउजच्या आत, वरून शाल, डोक्याला टोपी.
‘रात्री पण?’
रात्री पण.
‘आणि मला झोप लागली तर?’
भिंतीकडे तोंड करून अम्मा म्हणाली,
‘मी काय मेलेय?’
आणि आपल्या चोळीची गाठ सैल केली.

निघताना तिनं पुडी मागितली.
कोपरा दातानं फाडून चिमूट घेतली,
बाळावरून उतरवून चुलीत टाकली.
तडतडलं.
मी काही बोलले नाही.

सातव्या दिवशी पुन्हा चिमूट.
चौदाव्याला चांगली मूठ,
कारण शेजारीण पोराला गुबगुबीत म्हणाली होती.
एकविसाव्याला मी गेलेच नाही,
पोलिओच्या बूथवर बसवलं होतं;
थेंब मोजत होते आणि थंडी वाढत होती.
अठ्ठाविसाव्याला बापच खाली नाक्यावर उभा,
हातात गजकचा तुकडा, माझ्यासाठी.
तेव्हा समजलं, तोलायच्या आधीच.

बेचाळिसावा दिवस:
बाळ दोन किलो सहाशे,
मीठ आठशे साठ.

महिन्याच्या बैठकीत सहयोगी बाईंनी
माझी पुडी माझ्याच काट्याला लावली.
‘हा काटा कमी दाखवतोय. बदलून घ्या.’
काटा खराच आहे, म्हटलं. मीठ उणं झालंय.
‘कशात?’
बाहेर कुणीतरी चहा आणला, आणि तो प्रश्न
कपांच्या आवाजात राहून गेला.

नवी पुडी घेतली, माझ्याच पैशांची.
जुनी घरच्या बरणीत ओतली.
संध्याकाळी आमटीत घालताना
मूठ आपोआप पातेल्यावरून तीनदा फिरली.
‘हे काय?’ नवऱ्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
चाखून बघा, जास्त तर नाही ना.